सागवानातले बाबा

निमकर मॅडमना नुसतं ‘छान’ म्हटलेलं चालायचं नाही. कॉलेजात कुणी त्यांच्या साडीला छान म्हटलं तरी त्या थांबायच्या. “कुठं छान? काठ छान का रंग छान? बोट ठेवून सांगा.” समोरची बाई ओशाळून बोट ठेवायची. मग त्या म्हणायच्या, “हं. आता समजलं.” यात त्यांना कुणाची फिरकी घ्यायची नसे, खरंच जाणून घ्यायचं असे. पण लोकांना तो अपमान वाटायचा, आणि हळूहळू त्यांना छान म्हणणारी माणसंच उरली नाहीत.

अमरावतीच्या एका खासगी तंत्रनिकेतनात मी ग्रंथपाल होते आणि त्या तिथं इंजिनिअरिंग ड्रॉइंग शिकवायच्या. मुलं त्यांना पाठीमागे ‘रेघ मॅडम’ म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं आणि आवडतही असावं. माहेर अकोल्याजवळचं, फुलांच्या मळ्यावर जगणारं. माहेर म्हणायचं एवढंच, सासर नव्हतंच. लग्न का नाही केलं असं कुणी विचारलं की त्या म्हणायच्या, “तुमी केलं ना? मंग सांगा कसं हाये.” 

नोकरीत इतकी वर्षं काढली तरी बोली सोडली नव्हती. आमच्याकडच्या जुन्या बायांसारखं ‘मी जातो, मी करतो’ असंच बोलायच्या. एकदा तपासणीला पुण्याहून आलेल्या एका बाईंनी जरा नाक मुरडून विचारलं, “तुम्ही वर्गातही असंच बोलता का?”

“नाई,” मॅडम म्हणाल्या, “वर्गात जोरात बोलतो.”

त्यांच्या फ्लॅटच्या मागच्या बाल्कनीत एक यंत्र होतं. शाळेतल्या बाकाएवढं, सुटे भाग मागवून त्यांनी स्वतः जोडलेलं. वर एक छोटी मोटर, तिच्या तोंडाशी टोकदार पातं. संगणक सांगेल तसं ते पातं डावी-उजवीकडे, पुढे-मागे सरकायचं, खाली उतरायचं आणि लाकडावर चित्र कोरायचं. खालच्या मजल्यावरचे लोक आवाजाची तक्रार करायचे, म्हणून त्यांनी यंत्राभोवती प्लायवूडचं खोकं केलं होतं आणि त्यावर जुन्या गोधड्या टाकल्या होत्या. पहिल्यांदा गेले तेव्हा मला वाटलं, आत कुणी आजारी झोपलंय.

फोटोवरून कोरीवकाम हा त्यांचा छंद. पैशासाठी फार करत नसत. ओळखीच्यांनी फोटो आणला आणि तो मनाला आला तर करायच्या. मी म्हटलं, फोटो संगणकात टाकला की यंत्र आपोआप कोरत असेल ना? त्यांनी मला समोर बसवलं. एका म्हातारीचा फोटो घेतला आणि एक बटण दाबलं. पडद्यावर त्या चेहऱ्याच्या जागी हजारो बारीक तुकडे झाले, मोहरी सांडावी तसे.

“हे आपोआपचं,” त्या म्हणाल्या. “आता हे मशीनले दिलं तर ते कोंबडीवानी दाणे टिपत बसन. फोटोत उजेड असते, सावली असते. मशीनले त्यातलं काईच समजत नाई. तिले चेहरा नाई दिसत, तिले रस्ता दिसते. इथून निघ, इथं वळ, इथं खाली जाय, इथून वर ये. तो रस्ता आपण आखून द्या लागते.”

त्या रस्त्याला टूलपाथ म्हणतात, हे मला तेव्हा कळलं. मॅडम तो स्वतः आखायच्या. फोटो मोठा करून त्याच्यावर माउसनं एकेक रेघ काढायच्या. गालावरून उतरणारी, ओठाशी थांबणारी, कपाळावर मध्येच तुटणारी. गडद सावली असेल तिथं पातं खोल, उजेड असेल तिथं वरच्या वर. एका चेहऱ्याला आठवडा लागायचा. खूप रेघा काढायच्या आणि मग त्यातल्या बहुतेक पुसायच्या. “ठेवाची कोणती, हेच तर काम हाये,” म्हणायच्या.

आमच्या कॉलेजच्या हेडक्लार्कना लग्नाच्या वाढदिवसाला बायकोचा चेहरा कोरून हवा होता. ते फोटो घेऊन आले. मॅडमनी फोटो पाहिला आणि विचारलं, “हनुवटीवर हे काय हाये? तीळ हाये का खळी?” हेडक्लार्क म्हणाले, फोटोवरचा डाग असेल. “डाग नाई हा.” ते म्हणाले, मग तीळ असेल. “असन म्हणजे? पंचवीस वर्षं समोर बसून जेवून राहिले ना तुमी?” त्यांनी फोटो परत दिला आणि सांगितलं, घरी जा, पाहून या. हेडक्लार्क परत आलेच नाहीत. त्यांनी बाजारातून एक घड्याळ नेलं आणि पुढं वर्षभर मॅडमची रजेची कामं मुद्दाम रेंगाळवली. मी मॅडमना म्हटलं, एवढं कशाला ताणायचं? तर म्हणाल्या, “मी कुठं ताणलं? एक सवाल इचारला.”

त्यांच्या घरी त्यांचे वडील असायचे. नारायणराव. पण मॅडम ‘बाबा’ म्हणायच्या म्हणून आम्हीही बाबाच म्हणायचो. झेंडू आणि शेवंतीत आयुष्य गेलेला माणूस. उंच, हाडकुळा, कानाच्या पाळ्या लोंबलेल्या. उजवा डोळा कायम अर्धा मिटलेला. पहाटे फुलं तोडून सूर्य वर येईस्तोवर पूर्वेकडे तोंड करून टोपल्या भरायच्या, त्यानं तो तसा झाला असं मॅडम सांगायच्या. डॉक्टरांचं म्हणणं वेगळं होतं. काही असो, पाहणाऱ्याला वाटायचं की हा माणूस आपला नेम धरतोय.

बाबांना चालवेनासं झालं तेव्हा मॅडमनी त्यांना अमरावतीला आणलं. धाकटा भाऊ अरुण अकोल्यातच होता. मोठं घर होतं, फळांची अडत होती. पण त्यांच्या घरात जिना होता, माणसांची ये-जा होती, वैशालीवहिनींची पाठ दुखायची. मॅडमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर होता आणि लिफ्ट महिन्यातून पंधरा दिवस बंद असायची, पण ती गोष्ट कुणी काढली नाही. बाबांची सहा-सात वर्षं तिथंच गेली. आंघोळ, औषधं, पुढं अंथरुणातलं सगळं मॅडमनीच केलं. अरुणभाऊ दिवाळीला मिठाईचा पुडा घेऊन यायचे. बाबांच्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढायचे, आणि ते अकोल्याला पोचायच्या आत तो फोटो सगळ्यांच्या मोबाइलवर यायचा. खाली लिहिलेलं असायचं, ‘माझं दैवत’.

बाबांना यंत्राचा आवाज आवडायचा. ते त्याला सुतारपक्षी म्हणायचे. “आज सुतारपक्षी बोलून नाई राहिला,” असं म्हणाले की मॅडम काहीतरी कोरायला लावायच्या. एकदा मी तिथं असताना मॅडम मोबाइलवर त्यांचे फोटो काढत होत्या. समोरून, बाजूनं, खिडकीचा उजेड गालावर घेऊन.

“माया फोटो नको काढू,” बाबा म्हणाले. “मेलेल्या माणसाचे फोटो लावतेत.”

“म्हणून तं आताच पाहून घेतो,” मॅडम म्हणाल्या. “इकडं तोंड करा.”

बाबांनी तोंड केलं. दोघांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

ते गेले त्यानंतर वर्षभरानं अरुणभाऊंचा फोन आला. अकोल्यात त्यांनी मंगल कार्यालय बांधलं होतं आणि त्याला बाबांचं नाव द्यायचं ठरवलं होतं. प्रवेशद्वारातून आत आल्याबरोबर समोर बाबांची मोठी प्रतिमा हवी. “ताई, ते तूच कर. दुसऱ्याच्या हातचं नको,” असं म्हणाले. हे मला मॅडमनी स्वतः ग्रंथालयात येऊन सांगितलं. एरवी त्या ग्रंथालयात यायच्या त्या पंख्याखाली बसायला.

मग त्या कामाला लागल्या. परतवाड्याहून जुन्या सागवानाची फळी आणवली. मोठी, उभी केली तर छातीला लागेल एवढी. त्यांच्या यंत्रात ती एका वेळी मावत नव्हती, म्हणून चेहऱ्याचे दोन भाग करून फळी सरकवून कोरायची होती. सरकवताना केसभर चूक झाली तर नाकावरची रेघ तुटणार. कॉलेज सुटलं की त्या सरळ घरी जायच्या. मी कधीमधी जायचे. पडद्यावर बाबांचा चेहरा, आणि त्याच्यावर रेघा येतायत, जातायत. त्या मिटल्या डोळ्यापाशी फार अडकल्या होत्या. रेघ कमी पडली की डोळा झोपलेला दिसायचा, जास्त झाली की दुखावलेला. “हा झोपेल नाई, अन् रडूनही नाई राहिला,” त्या म्हणायच्या. “हा पाहून राहिला.”

शेवटी तो डोळा साधला. सगळ्या चेहऱ्यात ती रेघ सर्वांत खोल गेली. फळी पूर्ण झाली तेव्हा मी समोर उभी राहिले. बाबा बाल्कनीत खुर्चीवर बसून मला जोखायचे तसेच जोखत होते. मॅडमनी विचारलं नाही, मीच डोळ्यावर बोट ठेवलं. त्या म्हणाल्या, “हं.”

फळी जुन्या चादरीत बांधून त्यांनी ओळखीच्या गाडीनं अकोल्याला पाठवली. संध्याकाळी भावाचा फोन आला. मॅडम फोन ठेवून मला म्हणाल्या, “लय छान झाला म्हणते.” मी वाट पाहत होते की आता त्या म्हणतील, कुठं छान ते सांगितलं नाही. पण त्या चहा टाकायला आत गेल्या. आमच्या इतक्या वर्षांच्या ओळखीत ‘छान’ हा शब्द त्यांनी तसाच घेतला, तो त्या एकाच वेळी.

उद्घाटनाला त्या मला सोबत घेऊन गेल्या. एसटीत बडनेरा, मूर्तिजापूर करत पोचेपर्यंत ऊन चढलं होतं. मॅडमनी नवी जांभळी साडी नेसली होती. कार्यालय मोठं, चकचकीत. समोरच्या भिंतीवर मखमली पडदा. एक पुढारी आले, दोर ओढला, टाळ्या झाल्या.

पडद्यामागं ॲक्रिलिकची भलीमोठी सोनेरी पाटी होती. त्यावर एक भरल्या गालांचा, गुळगुळीत कातडीचा, हसरा माणूस. डोक्यावर तुरा सोडलेला फेटा. दोन्ही डोळे टपोरे उघडे. बाबांनी जन्मात फेटा बांधला नव्हता, पांढरी टोपी घालायचे. खाली नाव मात्र त्यांचं होतं.

मॅडम पुष्कळ वेळ पाहत उभ्या राहिल्या. मग गर्दी जेवणाकडे वळली तेव्हा भावाजवळ गेल्या.

“अरुण, हे कोण हाये?”

“ताई, बाबाच ना.” अरुणभाऊ हसले. “फोटो जरा साफ करून घेतला. आजकाल ॲपमध्ये सगळं होते. एका दिवसात करून देल्लं पोराईनं.”

“अन् डोया?”

“उघडला ना. लग्नाचं ठिकाण हाये, ताई. पाहुणे येतीन. आल्या-आल्या समोर एक डोया मिटलेला माणूस... बरं नाई दिसत.”

“माया पाट कुठं हाये?”

अरुणभाऊंनी बायकोकडे पाहिलं. वैशालीवहिनी पुढं आल्या. “ऑफिसात ठेवला आहे, ताई. त्यालेही लावू ना नंतर चांगली जागा पाहून. आज तुमी जेवून घ्या. पुढारी बसले आहेत पंगतीत.”

मॅडम पंगतीत गेल्या नाहीत. त्या ऑफिसकडे गेल्या, मी मागोमाग. ऑफिस म्हणजे एक खोली होती, प्लास्टिकच्या खुर्च्या एकावर एक रचून ठेवलेल्या. खुर्च्यांच्या मागं, भिंतीला टेकवून, फळी उभी होती. चादरीतच. मॅडम पिशवी बांधोत की गाठोडं, एक वेढा जास्त देऊन टोकं आत खोचून टाकायच्या. गाठ तशीच होती. कुणी ती सोडलीच नव्हती.

त्यांनी त्या गाठीवर हात ठेवला. “मले म्हणला, लय छान झाला,” एवढंच म्हणाल्या.

आम्ही दोघींनी ती फळी उचलली. बाहेर येताना अरुणभाऊ आडवे आले. “ताई, आता हे काय? लोक पाहून राहिले.” मॅडम म्हणाल्या, “पाहू दे. तेवढंच पाहतीन.” फाटकाबाहेर आम्हाला ऑटो मिळाला. परतीच्या एसटीत फळी आम्ही दोन सीटांच्या मध्ये उभी धरली होती. मूर्तिजापूरला मी त्यांना आलूबोंडा आणून दिला. त्यांनी तो खाल्ला, हात पुसले, आणि अमरावती येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिल्या.

नंतर आठेक दिवसांनी मी त्यांच्या घरी गेले. यंत्र उघडं होतं, गोधड्या बाजूला काढलेल्या. फळी खाली आवळून बसवलेली, बाबांचा चेहरा वर. मोटरला मात्र टोकदार पात्याऐवजी रुंद, चपटं पातं लावलं होतं.

“काय करताय?”

“सपाट करून राहिली.”

मला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा मी म्हटलं, “मॅडम, असं नका करू. तुमच्या घरात लावा ना. या भिंतीवर किती शोभेल.”

“मले कायले पायजे?” त्या म्हणाल्या. “मले पाठ हाये. ज्याईनं पाहाचं होतं त्याईनं गाठ सोडली नाई.”

“मग मला द्या.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. क्षणभर वाटलं, देतील. “तू भिंतीवर लावशील अन् येणाऱ्या-जाणाऱ्याले ही कहाणी सांगशील,” त्या म्हणाल्या. “नको.” आणि त्यांनी बटण दाबलं.

ते पातं वावरात नांगर फिरावा तसं या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचं आणि वळायचं. हा रस्ता आखायला त्यांना काही कष्ट पडले नसतील. नुसत्या सरळ रेघा. आधी टोपीच्या घड्या गेल्या, मग कपाळ, मग गालांवरच्या बारीक रेघा. मध्ये फळी सरकवून एकदा सगळं फिरून झालं तेव्हा फळीवर फक्त मिटल्या डोळ्याची ती खोल रेघ उरली होती. मला वाटलं, आता तरी थांबतील. मॅडमनी वाकून तिच्यावरून अंगठा फिरवला, पातं आणखी खाली घेतलं आणि पुन्हा बटण दाबलं. मग खराटा आणून भुसा गोळा केला. “लाकूड चांगलं हाये,” म्हणाल्या. “वाया काहून घालवाचं.”

त्या फळीवर पुढं एका कोचिंग क्लासच्या नावाची पाटी झाली.

त्यानंतर मॅडम ज्याला त्याला कोरून द्यायला लागल्या. फोटो आला की ॲपमध्ये टाकायचा, सुरकुत्या काढायच्या, एक बटण, दुसरं बटण, झालं. संध्याकाळी आणलेला फोटो दुसऱ्या दिवशी तयार. चेहरे सगळे एकमेकांच्या भावंडांसारखे दिसायचे. लोक खूश होऊन न्यायचे, छान म्हणायचे, आणि मॅडम म्हणायच्या, “हो.” हेडक्लार्कसुद्धा बायकोचा फोटो घेऊन आले. हनुवटीवरचा ठिपका ॲपनं केव्हाच पुसला होता. मी एकदा न राहवून म्हटलं की पूर्वीसारखं एखादं तरी करा. “सॉफ्टवेअर करते सगळं,” त्या म्हणाल्या. “मी बटन दाबतो. लोकाईले जे पायजे ते देतो. कोणाचं काई अडलं काय?” कुणाचं काही अडलं नव्हतं, हे खरंच होतं. त्या निवृत्त झाल्या आणि यंत्र त्यांनी ट्रॉफ्या बनवणाऱ्या एका माणसाला देऊन टाकलं.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते अरुणभाऊंच्या मुलीच्या लग्नात, अकोल्याच्या त्याच कार्यालयात. मला पत्रिका आली ती मॅडमच्याच हातची, पत्त्याची अक्षरं ड्रॉइंगच्या कागदावर असावीत तशी. त्या येतील असं मला वाटलं नव्हतं. पण त्या होत्या. दारातच, त्या सोनेरी पाटीच्या खाली, आत्या म्हणून स्वागताला उभ्या. एका हातात अक्षतांचं ताट, दुसऱ्या हातानं पाहुण्यांना आत जायचा रस्ता दाखवत होत्या. केस पुष्कळ पिकले होते. मला बघून म्हणाल्या, “आलीस. जेवल्याबिगर जाऊ नको.” आणि मागच्या पाहुण्यांकडे वळल्या.

अचलपूरहून वरपक्ष आला. त्यातल्या एका वयस्क बाईंनी अक्षता घेताना वर पाहिलं. पाहतच राहिल्या. मग कौतुकानं म्हणाल्या, “काय तेज हाये वो चेहऱ्यावर. तुमचे वडील का हे?”

शेजारी अरुणभाऊ उभे होते, कोसा रेशमाचा नवा कुडता घालून. त्यांचा चेहरा ताणला गेला. माझाही.

मॅडमनी पाटीकडे पाहिलं नाही. ताटातल्या अक्षता बोटांनी सारख्या केल्या.

“नाई,” त्या म्हणाल्या. “हे हॉलचे मालक हायेत.”

बाई “हो का?” म्हणाल्या, पाटीला हात जोडले आणि आत गेल्या. अरुणभाऊ काहीतरी पुटपुटले. मॅडमनी त्यांच्याकडेही पाहिलं नाही. दारात आणखी माणसं आली होती आणि त्या प्रत्येकाच्या हातावर चिमूट चिमूट अक्षता ठेवत होत्या.